शब्द न समजताही मिळालेली दाद

प्रश्न थोडक्यात असा आहे: अठराव्या शतकात इटलीतल्या ऑपेरा गायकांना लंडन, ड्रेस्डेन, माद्रिद, सेंट पीटर्सबर्ग अशा परक्या गावांत एवढं नाव आणि एवढा पैसा कसा मिळाला? ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना इटालियन येतच नव्हतं. आणि लहानपणी मुलांवर खच्चीकरणाची जी शस्त्रक्रिया व्हायची, तिच्यामुळेच हे सगळं घडलं का?

मी गेली सत्तावीस वर्षं मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीचं गायन शिकवते. त्याआधी सहा वर्षं ख्यालाची तालीम घेतली होती. हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरुवात प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून करते, कारण त्या एका गैरसमजाखाली बाकीचं सगळं झाकलं जातं.

मुलगा वयात येण्याआधी, साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान, ही शस्त्रक्रिया केली की त्याचा आवाज फुटत नाही. स्वरयंत्र लहान राहतं, स्वरतंतू आखूड राहतात. शरीर मात्र वाढतच राहतं. हाडांची टोकं उशिरा जुळतात, त्यामुळे हातपाय लांब होतात आणि छातीचा पिंजरा मोठा होतो. म्हणजे मुलाचे स्वरतंतू आणि त्यांच्यामागे मोठ्या माणसाची फुप्फुसं. या गायकांना ‘कास्त्राती’ म्हणत. कायद्याने आणि चर्चच्या नियमाने ही शस्त्रक्रिया गुन्हाच होती, तरी ती सर्रास चालायची. पोरगा घोड्यावरून पडला, डुकराने चावा घेतला, अशी कारणं सांगितली जात. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ इटलीभर फिरला. ही शस्त्रक्रिया कुठे होते, असं तो प्रत्येक गावात विचारत गेला आणि प्रत्येक गावाने पुढच्या गावाकडे बोट दाखवलं. मागणी मुळात चर्चची होती, कारण तिथल्या गायकवृंदात बायकांना मज्जाव होता. रोममध्ये तर नाटकाच्या रंगमंचावरही बाई चालत नसे, स्त्रीभूमिका हीच मुलं करायची.

पण शस्त्रक्रियेने आवाज टिकतो, गायक तयार होत नाही. ज्यांच्यावर ती झाली त्यांतले बहुसंख्य कुठल्यातरी गावच्या चर्चमध्ये आयुष्यभर गात राहिले, कित्येकांना तेही जमलं नाही. शरीर गेलं आणि गाणंही आलं नाही, अशा मुलांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. फारिनेल्ली या सर्वांत गाजलेल्या कास्त्रातोचं कौतुक करताना मला ही मुलं आधी आठवतात. शिवाय त्या काळी परदेशात गाजलेल्या नावांत फाउस्तीना बोर्दोनी, फ्रांचेस्का कुत्सोनी, कातेरिना गाब्रिएल्ली अशा बायका होत्या, फ्रांचेस्को बोरोसिनीसारखा टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायकही होता. त्यांच्यावर काय शस्त्रक्रिया झाली होती? या सगळ्यांत समान होती ती तालीम.

ही तालीम मोठ्या प्रमाणावर कुठे मिळायची, तर नेपल्समध्ये. तिथे चार कन्झर्व्हेटरी होत्या. मुळात ते अनाथाश्रम. पोरांना पोटापुरतं काहीतरी शिकवावं म्हणून संगीत सुरू झालं आणि पुढे तेच त्यांचं मुख्य काम झालं. बर्नीने सांत ओनोफ्रियो या संस्थेत जाऊन पाहिलं ते असं: जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर एक पोरगा ट्रम्पेट वाजवतोय, दुसऱ्या टप्प्यावर दुसरा हॉर्न. वरच्या मोठ्या खोलीत सात-आठ हार्प्सिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं आणि गाणारी पोरं, सगळी एकाच वेळी आपापलं वेगळं, वेगळ्या पट्टीत चालवतायत. बसायला खाटाच. कास्त्राती मुलं वरच्या मजल्यावर, जरा उबदार खोल्यांत, सर्दी होऊन आवाज जाऊ नये म्हणून. हिवाळ्यात पहाटे उजाडायच्या दोन तास आधी रियाज सुरू व्हायचा आणि मधली जेवणाची दीडेक तासाची सुट्टी सोडली तर रात्री आठपर्यंत चालायचा.

निकोला पोर्पोरा हा नेपल्सचा सगळ्यांत नावाजलेला गुरू. फारिनेल्ली आणि काफारेल्ली हे दोघेही त्याचेच शिष्य. पोर्पोराने काफारेल्लीला पाच-सहा वर्षं एकाच कागदावरचे पलटे घोटायला लावले आणि शेवटी सांगितलं, ‘जा, आता तू युरोपातला सर्वांत मोठा गायक आहेस,’ अशी गोष्ट सांगतात. ती शब्दशः खरी असेलच असं नाही. पण ज्याने गुरूसमोर बसून महिनोन्महिने एकच अलंकार घोटलाय, त्याला ती खोटी वाटणार नाही.

त्या तालमीत एक गोष्ट सर्वांत वरची मानत. इटालियनमध्ये तिला ‘मेस्सा दि व्होचे’ म्हणतात. करायचं एवढंच: एक स्वर अगदी बारीक लावायचा, हळूहळू फुगवत पूर्ण आवाजापर्यंत न्यायचा, तिथून तसाच हळूहळू कमी करत शून्यात विरवायचा. सगळं एका श्वासात. लिहायला सोपं आहे. माझ्याकडे एक विद्यार्थिनी येते, दिवसभर नोकरी करून. तिला मी हात बरगड्यांवर ठेवायला सांगते. स्वर फुगवताना काही अडचण येत नाही, सगळ्यांनाच जमतं. उतरताना खरी परीक्षा असते. आवाज कमी करायला गेलं की बरगड्या लगेच मिटतात, हवेचा दाब सुटतो आणि स्वर खाली सरकतो. पेटीशी ताडून पाहिलं की तिचं तिलाच कळतं. चौथ्या महिन्यात तिने अकरा सेकंद स्वर न उतरवता धरला, तेव्हा दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. तानपुऱ्यावर षड्ज लावून बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

आता लंडनमध्ये काय झालं ते पाहा. ऑक्टोबर १७३४, हेमार्केटचं किंग्ज थिएटर, खेळ ‘आर्तासेर्से’. फारिनेल्ली, म्हणजे कार्लो ब्रोस्की, वय २९. त्याच्या सख्ख्या भावाने, रिकार्दोने, खास त्याच्यासाठी बांधलेलं एक गाणं त्या खेळात घातलं होतं. गाण्याची उपमा वादळात सापडलेल्या जहाजाची. बर्नी लिहितो की पहिलाच स्वर त्याने इतका नाजूक लावला, इतका बारीक बारीक फुगवत नेला आणि तसाच उतरवला की लोक पुरी पाच मिनिटं टाळ्या वाजवत होते. पहिल्या स्वरालाच, तान तर अजून सुरूही झालेली नव्हती! भाषेच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. त्या पाच मिनिटांच्या टाळ्या शब्दांना नव्हत्या. ज्याला इटालियनचं एक अक्षर कळत नाही, त्यालाही श्वास कळतो. समोरचा माणूस आपल्याला जमणार नाही असं काहीतरी करतोय आणि त्यात त्याला कष्ट पडताना दिसत नाहीत, हे शरीराला आधी कळतं.

लंडनमधलीच आणखी एक गोष्ट बर्नीने दिली आहे. सेनेसिनो हा लंडनचा जुना, मानाचा गायक. दोघे एकाच रंगमंचावर आले तेव्हा तो क्रूर जुलमी झाला होता आणि फारिनेल्ली साखळदंडात बांधलेला कैदी. फारिनेल्लीचं पहिलंच गाणं ऐकून सेनेसिनो आपली भूमिका विसरला आणि धावत जाऊन त्याने कैद्याला मिठी मारली. प्रतिस्पर्ध्याने भर रंगमंचावर दिलेली ही दाद मला सगळ्या पैशांपेक्षा मोठी वाटते.

शब्दांची अगदीच पंचाईत होत नसे, तेही सांगायला हवं. थिएटरात छापील पुस्तिका विकत मिळायची, एका बाजूला इटालियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तेव्हा प्रेक्षागृहात अंधार करत नसत, त्यामुळे मेणबत्त्यांच्या उजेडात लोक वाचता वाचता ऐकत. कथाही ओळखीच्या असत, सिकंदर, सीझर, इराणचे राजे. मेतास्तासियो या कवीची एकेक संहिता डझनावारी संगीतकारांनी पुन्हा पुन्हा बांधली. त्यातली एक सिकंदराच्या भारतावरच्या स्वारीची. हँडलने ती १७३१ मध्ये लंडनमध्ये ‘पोरो’ या नावाने केली. पोरो म्हणजे आपला पोरस, आणि ती भूमिका केली सेनेसिनोने. सिएना गावचा गायक, जर्मन संगीतकार, इंग्रज प्रेक्षक आणि झेलमकाठचा राजा! वर्गात ही गोष्ट सांगितली की पोरं क्षणभर गप्प होतात.

गाण्याची घडणही अशी होती की गायकाला मोकळं रान मिळे. आरियाचे, म्हणजे ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्याचे, तीन भाग: पहिला, मग थोडा वेगळ्या भावाचा दुसरा, मग पुन्हा पहिला. पहिल्यांदा गाताना चाल सरळ मांडायची. ती परत आली की तिथे गायकाने आपल्या जागा घ्यायच्या, मुरक्या, खटके, ताना, अगदी शेवटी बिनसाथीची लांब तान. संगीतकार कागदावर सांगाडा द्यायचा, गायक तो उभा करायचा. आपल्याकडे बंदिश आणि गायकी यांचं जे नातं आहे, ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे चटकन उमगेल. फारिनेल्लीने १७५३ मध्ये व्हिएन्नाच्या सम्राज्ञी मारिया तेरेझाला आपल्या गाण्यांचं एक हस्तलिखित भेट दिलं, त्यात त्याच्या ताना स्वरांसकट लिहिलेल्या आहेत. त्यातली एखादी आज गाऊन बघा म्हणजे श्वास कुठे घ्यायचा हाच प्रश्न पडतो.

याचाच पुढचा भाग म्हणजे ‘आरिया दि बाउले’, अर्थात ट्रंकेतलं गाणं. आपल्या गळ्याला शोभणारी चार-दोन गाणी गायक सामानात घेऊनच फिरायचा आणि ज्या गावी जाईल तिथल्या खेळात घालायचा. कथेशी मेळ बसो न बसो. पुढच्या पिढ्यांतल्या समीक्षकांनी या प्रथेला बरीच नावं ठेवली. मला मात्र तिच्यात त्या काळच्या यशाचं मर्म दिसतं. आल्प्स ओलांडून, मों सेनीच्या घाटात गाडी सुटी करून खेचरांवर लादायची, स्वतः हमालांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसायचं, असा प्रवास करून जी वस्तू परदेशात पोचत होती ती नाटक नव्हतं, संगीतकारही नव्हता. ती होती त्या एका माणसाची गायकी, आणि दुसऱ्या कुणाकडून ती मिळण्यासारखी नव्हती.

म्हणून मग बिदागीची चढाओढ लागली. १७१९ मध्ये लंडनच्या उमरावांनी भागभांडवल गोळा करून ‘रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक’ नावाची ऑपेरा कंपनी काढली आणि गायक आणायला हँडलला युरोपात धाडलं. तो थेट इटलीत न जाता ड्रेस्डेनला थांबला, कारण उत्तम इटालियन गायक तिथल्या दरबाराने आधीच उचलले होते. सेनेसिनो तिथलाच. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनला संगीतकाराशी त्याचं भांडण झालं, त्याने हातातले स्वरांचे कागद फाडले, नोकरी गेली आणि लंडनला तो आयताच मिळाला. १७३३ मध्ये हँडलशी बिनसलेल्या उमरावांनी दुसरी कंपनी उभी केली आणि तिने फारिनेल्लीला १,५०० गिनी देऊन आणलं, म्हणजे १,५७५ पौंड. तेव्हा लंडनचा मजूर वर्षाकाठी वीस-तीस पौंड मिळवायचा. शिवाय गायकाच्या नावाने एक रात्र असे, तिचं उत्पन्न त्याचं. १७३५ च्या मार्चमधल्या फारिनेल्लीच्या रात्री युवराजाने त्याला हिरेजडित सोन्याची तपकिरीची डबी आणि १०० गिन्यांची थैली दिली. ‘देव एकच, फारिनेल्लीही एकच’ असं एक सरदारीण ओरडल्याचं सांगतात. विल्यम होगार्थ या चित्रकाराने त्याच वर्षी ते वाक्य आपल्या चित्रात घालून या वेडाची टर उडवली.

पण हे वेड टिकाऊ नव्हतं. दोनच वर्षांत नवलाई ओसरली. याच फारिनेल्लीसमोर एका रात्री अवघा पस्तीस पौंडांचा गल्ला जमल्याचं कॉली सिबर या नटाने लिहून ठेवलंय. कंपनी १७३७ मध्ये बुडाली. परदेशातली कीर्ती ही अशी असते. आपल्या मातीतला श्रोता गायकाच्या उतारवयातही त्याच्याकडे येतो, परका श्रोता नवीन काही दिसलं की तिकडे वळतो.

बायकांच्या बाबतीत हे आणखी क्रूरपणे घडलं. कुत्सोनी आणि फाउस्तीना या दोघी १७२६ पासून लंडनमध्ये एकाच रंगमंचावर होत्या. कुत्सोनीचं गाणं आर्त, काळजाला हात घालणारं. फाउस्तीना चपळ, एकाच स्वरावर धडाधड आघात करून गाणारी. ६ जून १७२७ ला बोनोन्चिनी या संगीतकाराच्या ‘आस्तियानात्ते’च्या खेळात दोघींच्या चाहत्यांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा करून, युवराज्ञी कॅरोलाइन समोर बसलेली असताना, खेळ उधळला. पाचच दिवसांनी राजा पहिला जॉर्ज वारला आणि हंगामही संपला. त्या दोघी रंगमंचावर एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, ही कथा आजही पुस्तकांतून फिरते. तिला पुरावा नाही, धिंगाणा प्रेक्षकांनी घातला. दोन बायका चांगल्या गातात म्हटलं की त्या भांडल्याच असणार, असं धरून चालायची सवय जुनीच आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो. पुढे फाउस्तीनाने हास्से या संगीतकाराशी लग्न केलं आणि ड्रेस्डेनला मानाने राहिली. कुत्सोनी म्हातारपणी लंडनला परत आली ती कर्जापायी अटकेत गेली आणि बोलोन्यात गरिबीत मेली.

फ्रान्स मात्र या लाटेला पुरून उरला. त्यांचा स्वतःचा ऑपेरा होता, फ्रेंच शब्दांवर उभा राहिलेला, आणि तिथल्या रंगमंचावर कास्त्रातींना जागा नव्हती. काफारेल्लीला पंधराव्या लुईने १७५३ मध्ये बोलावलं, पण ते दरबारापुरतं. राजाने पाठवलेली डबी पाहून त्याने असल्या डझनावारी आपल्याकडे आहेत म्हणून दाखवलं, निदान राजाचं चित्र तरी हवं होतं म्हणाला. ते फक्त राजदूतांना मिळतं असं उत्तर आल्यावर ‘मग राजदूतांनाच गायला सांगा’ म्हणाला, असा किस्सा आहे. अगदी असाच किस्सा गाब्रिएल्ली आणि रशियाच्या कॅथरीनबद्दल सांगतात, तिथे राजदूतांच्या जागी सेनापती येतात. दोन ठिकाणी एकच गोष्ट सापडली की मी तिला किस्साच म्हणते.

आता माद्रिद. १७३७ मध्ये फारिनेल्ली स्पेनला गेला. राजा पाचवा फेलिपे तीव्र उदासीनतेने ग्रासलेला होता, अंथरुणातून उठायचा नाही, दाढी करू द्यायचा नाही. राणी इझाबेल फार्नेझे इटालियन. तिने फारिनेल्लीला शेजारच्या दालनात गायला लावलं आणि राजा उठला. त्यानंतर ३२ वर्षांचा, युरोपातला सर्वांत महागडा गायक पुन्हा कधीही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला नाही. राजा १७४६ मध्ये वारला तोवर तो रात्रीमागून रात्र त्या एका आजारी माणसासाठी गात होता, आणि बर्नीच्या म्हणण्याप्रमाणे तीच चार गाणी. पुढच्या राजाने त्याच्याकडे दरबारी ऑपेरा सोपवला, कालात्रावा या मानाच्या सरदारी संघाचा सरदार केलं, ताहो नदीवरच्या राजघराण्याच्या नौकाविहाराची व्यवस्थाही त्याच्याकडेच होती. १७५९ मध्ये तिसरा कार्लोस आला आणि बावीस वर्षांनंतर त्याला निरोप मिळाला.

व्हिएन्नात सम्राट सहाव्या चार्ल्सने फारिनेल्लीला त्याच्या तरुणपणी सांगितलं होतं की तुझ्या या लांबलचक तानांनी नुसता अचंबा वाटतो, मनापर्यंत पोचायचं तर साधं गा. हे फारिनेल्लीने स्वतः म्हातारपणी बर्नीला सांगितलं. माद्रिदमधल्या त्या चार गाण्यांपैकी हास्सेची दोन पाहिली तर तो ते विसरला नव्हता असं दिसतं. त्यातलं एक निरोपाचं आहे. देहदंड झालेला मुलगा बापाला सांगतो: या गोड मिठीची, या शेवटच्या निरोपाची शपथ, बाबा, माझ्या प्रिय माणसाला जपा.

त्या काळचा आवाज आता ऐकता येईल का, असं पुढे कुणी विचारेलच. १९०२ आणि १९०४ मध्ये रोममध्ये आलेस्सांद्रो मोरेस्की या व्हॅटिकनच्या कास्त्रातोचं ध्वनिमुद्रण झालं. ते मिळतं, पण तो चर्चचा गायक होता, पोर्पोराच्या परंपरेतला ऑपेरा गायक नव्हता. त्यावरून फारिनेल्लीचा अंदाज बांधू नका. १९९४ मध्ये फारिनेल्लीवर चित्रपट निघाला, त्यात एका पुरुषाचा बायकांच्या पट्टीत गाणारा काउंटरटेनर आणि एका बाईचा उंच सोप्रानो असे दोन आवाज संगणकावर मिसळले होते. ऐकायला सुंदर आहे, पण तो कुणाचाच आवाज नाही. त्यापेक्षा हास्सेचं ते निरोपाचं गाणं, ‘पेर क्वेस्तो दोल्चे आम्प्लेस्सो’, आजच्या एखाद्या काउंटरटेनरकडून आणि मग एखाद्या मेझो-सोप्रानोकडून, म्हणजे सोप्रानोपेक्षा जरा खालच्या आवाजाच्या गायिकेकडून, ऐका. अर्थ वर दिलाच आहे, तो बाजूला ठेवा. चाल दुसऱ्यांदा परत येते तिथे कान लावा आणि गायक श्वास कुठे घेतो तेवढंच बघा.